वेढा फोडण्याचा खेळ तटावरच का अडकतो?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मध्ययुगीन किल्ल्याचा वेढा फोडण्याचा मिनिएचर युद्धखेळ (टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी खेळायची लढाई) मांडला की तो दर वेळी तटावरच्या मारामारीत का संपतो? आणि खेड्यात विकतचे सैनिक मिळत नसताना तो मांडायचा कसा?

मी अचलपूर तालुक्यातला. छपरीत बाजेवर प्लायवूड टाकून गावच्या पोट्ट्यांसोबत हे खेळ खेळतो. माझं ठाम मत आहे की किल्ला मध्यभागी ठेवूच नये. मध्ये ठेवला की सगळे तटाकडेच धावतात. तो एका कोपऱ्यात सरकवा आणि उरलेल्या जागेत बाहेरून येणारी वाट मांडा. सोडवायला आलेल्या फौजेला तट चढायचा नसतो, आतल्यांपर्यंत पोचायचं असतं. खरी पंचाईत वेढा घालणाऱ्याची, कारण त्याला किल्ल्यावरही नजर ठेवायची आणि पाठही सांभाळायची.

सुरुवात स्कॉटलंडच्या स्टर्लिंगपासून करा. तिथला किल्ला इंग्रजांकडे होता, किल्लेदार फिलिप मोब्रे. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा भाऊ एडवर्ड ब्रूस वेढा घालून बसला होता. त्या दोघांत करार झाला की 24 जून 1314 पर्यंत मदत आली नाही तर किल्ला खाली करायचा. म्हणजे खेळाची मुदत इतिहासानेच ठरवून दिली आहे. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड मोठी फौज घेऊन आला आणि 23 व 24 जूनला बॅनकबर्नची लढाई झाली.

23 तारखेचा एक प्रसंग टेबलावर फार रंगतो. क्लिफर्ड आणि ब्यूमाँट या इंग्रज सरदारांचे काहीशे घोडेस्वार मुख्य रस्ता सोडून, दलदलीच्या सखल रानाच्या कडेकडेने किल्ल्याकडे निघाले. स्कॉटिश सरदार रँडॉल्फचे भालेकरी रानातून उतरून आडवे आले. लांब भाले चारही बाजूंना रोखून ते दाटीने उभे राहिले आणि घोड्यांना आत शिरायला फटच मिळाली नाही. आमच्याकडे घोडेस्वार एका फेरीत 20 सेंटिमीटर जातो, पायदळ 10, आणि दलदलीत दोघांचीही चाल निम्मी. भालेकरी थांबून उभे असतील तर समोरून आलेल्या घोडेस्वाराला फाशात सहाच पडायला हवा. ते चालत असतील तर चार पुरे. एवढ्या एका नियमाने स्कॉटिश खेळणारा प्रत्येक पावलाला विचार करू लागतो.

त्या संध्याकाळी काय करायचं, यात खरी गंमत आहे. मोब्रे किल्ल्यातून येऊन एडवर्डला म्हणाला होता की तुम्ही इतक्या जवळ आलात, कराराप्रमाणे किल्ला सुटलाच, आता लढायची गरज नाही. तिकडे रॉबर्ट ब्रूसही रातोरात निघून जायचा विचार करत होता. म्हणून रात्रीच्या फेरीत दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, थांबतो की निघतो. चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. इंग्रज निघाला तर किल्ला राखल्याचा अर्धा विजय त्याचा. स्कॉटिश निघाला तर किल्ला सुटला, पण फौज शाबूत राहिली म्हणून त्यालाही थोडे गुण द्या. दोघं थांबले तरच दुसऱ्या दिवसाची लढाई. आणि फौज मोडून इंग्रज राजा किल्ल्याच्या दाराशी आला तर दार उघडायचं नाही. मोब्रेने खरंच उघडलं नव्हतं, कारण किल्ला आता शत्रूच्या हवाली करायचा होता.

सामानाचं सोपं आहे. टेकड्या नुसत्या काळ्या मातीच्या केल्या तर वाळताना भेगा पडतात, म्हणून तीत बारीक कुटार (भुसा) आणि शेण मिसळा. झाडीसाठी पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) टोकं. भालेकऱ्यांसाठी पुठ्ठ्याच्या चौकोनावर मातीचा गोळा आणि त्यात तिरप्या खोचलेल्या खराट्याच्या काड्या. चेहरे करायच्या भानगडीत पडू नका. हातभर अंतरावरून काड्यांचं ते रान पाहिलं की घोडा का बिचकतो ते लगेच कळतं.

हात बसला की आपला गाविलगड घ्या. अहमदशहा बहमनीने 1425 मध्ये बांधलेला हा किल्ला 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी घेतला. बाहेरून मदत येण्याची आशा 29 नोव्हेंबरला अडगावच्या लढाईतच संपली होती. तिथे हरलेली मराठ्यांची फौज मोडली नसती आणि मागून चालून आली असती, असं धरून खेळ मांडा. दक्षिणेला उभे कडे ठेवा, तिकडची वाट उभी आणि फार अवघड. उत्तरेला चिखलदऱ्याच्या पठाराकडून लबाडा गावाजवळ इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या तोफा आणा. त्या त्याने डोंगरातून माणसांकरवी ओढत आणल्या होत्या, म्हणून तोफेची चाल फेरीला 3 सेंटिमीटरच ठेवा. मदतीची फौज टेबलावर कोणत्या फेरीत येणार हे फाशावर ठरवा आणि ते वेढा घालणाऱ्याला सांगू नका.