देवराईची नोंद करणाऱ्या मुलीने तत्त्वज्ञान शिकावे का?

स. न. वि. वि.

आपले पत्र आणि त्यासोबत जोडलेले कन्येचे टिपण, दोन्ही वाचले. ती वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एम.एस्सी. न करता निसर्ग आणि पर्यावरणाविषयीच्या तात्त्विक प्रश्नांचा अभ्यास करायचे म्हणते, आणि ‘यात पोटापाण्याचे काय?’ अशी आपली विचारणा आहे. काळजी रास्त आहे. मात्र त्या टिपणातील प्रश्न मला हौशी वाटला नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

प्रकल्पासाठी तिने आजोळच्या देवराईतील हिरडा, बेहडा, अंजनी आणि झाडांवर चढलेल्या गारंबीच्या वेलापर्यंत सर्वांची नोंद केली, आणि पुढच्याच वर्षी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी त्यांतील काही वृक्ष विकले गेले. देवाच्या धाकाने राखलेले रान देवाच्याच नावाने तोडले जात असेल, तर त्या रानाला श्रद्धेवेगळे स्वतःचे काही मोल होते की नाही, असे ती विचारते. 1973 साली ऑस्ट्रेलियात काम करणारे तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी विचारलेला प्रश्न याच्या फार जवळचा आहे: पृथ्वीवर उरलेल्या शेवटच्या माणसाने मरण्यापूर्वी हाती लागेल तो प्रत्येक सजीव, प्राणी असो वा वनस्पती, नष्ट केला, तर दुसऱ्या कोणाही माणसाचे नुकसान झालेले नसताना त्याचे वागणे चुकीचे ठरते का? पर्यावरण-नीती, म्हणजे निसर्गाशी कसे वागणे योग्य हे तपासणारी ज्ञानशाखा, गेल्या पन्नास वर्षांत अशाच प्रश्नांतून वाढली.

हे प्रश्न कायद्याच्या दारातही पोहोचले आहेत. 2013 साली गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवावेत, असा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने मानवकेंद्री दृष्टीऐवजी निसर्गकेंद्री दृष्टी स्वीकारली (सिंह तेथे गेलेच नाहीत, 2022 पासून आफ्रिकेतील चित्ते गेले, हा भाग वेगळा). आपल्या राज्यात शहरी भागांतील वृक्षांविषयीच्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ मानले गेले, आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद झाली. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपे लावली म्हणजे हिशेब मिटला का, आणि मिटला नसेल तर नेमके काय बाकी राहिले, हे सांगायला वनस्पतिशास्त्र लागते. पण ते एकटे पुरत नाही.

आता अडचण. आपल्याकडे या विषयाची स्वतंत्र पदवी सहसा मिळत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठ येथे तत्त्वज्ञानात एम.ए. करता येते, आणि पर्यावरण-नीती हा अशा अभ्यासक्रमांत बहुधा एखादा वैकल्पिक विषय असतो. बाकीचा वेळ तर्कशास्त्र, जर्मन तत्त्वज्ञ कांट, न्यायदर्शन ही भारतीय तर्कपरंपरा, आणि ज्ञान कशाला म्हणावे हे तपासणारी ज्ञानमीमांसा यांत जातो. ज्याला केवळ रान आवडते, तो विद्यार्थी पहिल्याच सत्रात कंटाळतो, आणि मला खरी धास्ती नोकरीपेक्षा याची वाटते.

नोकरीविषयी स्पष्ट सांगायचे तर, तत्त्वज्ञानात नेट उत्तीर्ण होऊनही प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, आणि केवळ त्या भरवशावर हा मार्ग धरू नये. मात्र बी.एस्सी.ची भक्कम बैठक असलेल्या मुलीला इतर वाटा मोकळ्या राहतात. बंगळूरच्या ‘अत्री’ (ATREE) या पर्यावरण-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी निसर्गसंवर्धन आणि समाज यांच्या सांध्यावर पीएच.डी. करता येते, तीन वर्षांची एलएल.बी. करून पर्यावरण-कायद्याकडे वळता येते, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, परंतु तेवढ्यासाठी एम.ए. करणे मला पटत नाही.

माझा सल्ला असा की तिने बी.एस्सी. उत्तम गुणांनी पूर्ण करावी आणि तोवर निर्णय लांबणीवर टाकावा. दरम्यान तिने तर्कशास्त्राचे एक प्राथमिक पाठ्यपुस्तक शेवटच्या प्रकरणापर्यंत, त्यातील स्वाध्यायांसह, सोडवावे, आणि देवराईच्या प्रश्नावर दीड हजार शब्दांचा निबंध लिहावा. त्यात झाडे विकणाऱ्या गावकऱ्यांची बाजू तिने इतक्या प्रामाणिकपणे मांडावी की ती वाचून त्यांनाही आपलीच वाटावी. हे काम तिला गोड लागले तर एम.ए.ला आपण आडकाठी करू नये. नुसते ओझे वाटले, तर एम.एस्सी. करून हे वाचन चालू ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरेल. प्रवेश घेण्यापूर्वी त्या त्या विभागाचा चालू अभ्यासक्रम मागवून पाहावा आणि तेथे या विषयावर लिहिणारे कोणी शिकवते आहे का, याची चौकशी करावी. निबंध तयार झाल्यावर माझ्याकडे पाठविल्यास मी तो वाचून अभिप्राय कळवीन.