वाचकांचे प्रश्न : समितीवर बसण्याआधी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. डॉक्टरांच्या आचरणावर, औषधचाचण्यांवर किंवा सोनोग्राफी केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांना आपले ज्ञान आणि वेळ द्यावा का, आणि द्यायचा तर कोणती पथ्ये पाळावीत, असा तिन्ही पत्रांचा रोख आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी भूलतज्ज्ञ असून ३६ वर्षांच्या कामानंतर गेल्या वर्षी निवृत्त झाले. शस्त्रक्रियेदरम्यान रुग्ण दगावल्याच्या एका तक्रारीत तज्ज्ञ म्हणून मदत कराल का, अशी विचारणा राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडून मला झाली आहे. वेळ देण्याची तयारी आहे, मानधनाची अपेक्षा नाही. परंतु आपल्याच व्यवसायबंधूच्या विरोधात मत द्यावे लागले तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असे माझे यजमान म्हणतात. काय करावे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : यजमानांची भीती मला समजते, तरीही आपण होकार द्यावा असे माझे मत आहे. मात्र होकार कळवण्यापूर्वी एक काम करावे लागेल. ते जरा पुढे सांगतो.

डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारी आपल्या राज्यात १९६५ च्या कायद्याखालील महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जातात. देशपातळीवर जुन्या भारतीय वैद्यक परिषदेची जागा २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. आयोगाने २०२३ मध्ये आचरणाविषयीचे नवे विनियम काढले, पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते स्थगित ठेवून २००२ चे विनियमच पुन्हा लागू केले. या २००२ च्या विनियमांत असे म्हटले आहे की, एखाद्या डॉक्टरची व्यावसायिक अक्षमता त्याच्या समव्यावसायिकांच्या गटाने ठरवावी. आपल्यासारखी माणसे नाही म्हणू लागली, तर भूल देताना काय घडले याचा निवाडा ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला भूल दिलेली नाही अशा माणसांवर येऊन पडतो, आणि त्यात तक्रारदाराइतकाच तो डॉक्टरही भरडला जातो. तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हावा अशी मुदतही याच विनियमांत घातलेली आहे. विषयातला माणूसच वेळेवर मिळाला नाही, तर ती मुदत कागदावरच राहते.

आपले ज्ञान तिथे नेमके कुठे उपयोगी पडते, त्याचे एक उदाहरण देतो. भूल देतानाचा तक्ता आपण हजारो वेळा भरला असेल. प्रकरणाच्या फाइलमधला तसा एखादा तक्ता समोर येतो, त्यात दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहिलेला असतो, आणि रक्तदाबाचा प्रत्येक आकडा शून्यावर संपतो : १२०, ११०, १२०, ११०. शाई एकच, अक्षराचा कल एकच, खाडाखोड कुठेही नाही. वकिलाला किंवा दुसऱ्या शाखेच्या डॉक्टरला ते टापटिपीचे लक्षण वाटेल. आपल्याला मात्र पाहताक्षणी कळेल की हा तक्ता एका बैठकीत, सगळे घडून गेल्यानंतर लिहिलेला असावा. ज्ञानाचा खरा कस यापुढच्या पावलाला लागतो. रुग्णाचे हृदय बंद पडल्यावर दोन्ही हात छातीवर असणारा भूलतज्ज्ञ तक्ता मागाहूनच भरणार, हेही आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. म्हणून ‘तक्ता खोटा आहे’ असे लिहून मोकळे होण्याऐवजी, तो कधी आणि कशाच्या आधारे भरला हे त्या डॉक्टरला विचारावे, मॉनिटरची नोंद उपलब्ध आहे का ते पाहावे, आणि मग मत बनवावे.

मत देताना मोजपट्टी कोणती धरावी, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सांगून ठेवले आहे. त्या शाखेतल्या सर्वसाधारण सक्षम डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले असते, ते या डॉक्टरने केले का, एवढाच प्रश्न आहे. शाखेतला सर्वोत्तम माणूस काय करता, हा नाही. अनुभवी माणसाला हे जड जाते. ‘मी असते तर श्वासनलिकेत नळी आधीच टाकली असती’ हे वाक्य मनात येईलच, पण ते अहवालात येऊ देऊ नये. अहवालात आपण कोणकोणती कागदपत्रे पाहिली ते आधी लिहावे, त्यांवरून काय म्हणता येते ते नंतर, आणि काय म्हणता येत नाही तेही न संकोचता लिहावे. हा शेवटचा भाग बहुतेक तज्ज्ञ गाळतात आणि पुढे अपिलात त्याच फटीतून सगळे मत ओघळून जाते. नुकसानभरपाई किती द्यावी, याची चिंता आपण करू नये. तो विषय ग्राहक आयोगाचा आणि न्यायालयाचा आहे. परिषद ताकीद देऊ शकते किंवा डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काही काळासाठी अथवा कायमचे काढू शकते.

आता ते आधी करायचे काम. फाइल उघडण्यापूर्वी तक्रारदार, तो डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि रुग्णालयाचे मालक यांची नावे तेवढी मागून घ्यावीत आणि त्यांपैकी कोणाशी आपला काय संबंध आला होता, ते लेखी कळवावे. पुण्यातल्या दोन डॉक्टरांमध्ये ओळखीचा धागा सापडायला फार वेळ लागत नाही, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातली एकच बॅच, ससून रुग्णालयातली हाउसमनशिप, नाहीतर एखाद्या नर्सिंग होममध्ये वाटून घेतलेले वार. त्यातून आपण भूलतज्ज्ञ, म्हणजे एका दिवसात चार ठिकाणच्या शस्त्रक्रियागृहांत पाय ठेवलेल्या. नुसती ओळख आडवी येत नाही. पैशाचा व्यवहार, नाते, भांडण किंवा जुने उपकार असतील, तर त्या एका प्रकरणापुरते नाव मागे घ्यावे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चौकशीत मी तज्ज्ञ म्हणून बसलो होतो आणि तासाभरानंतर माझ्या लक्षात आले की समोरच्या डॉक्टरचे भागीदार म्हणजे माझ्या उमेदवारीच्या काळात मला पहिले काम मिळवून देणारे गृहस्थ. त्याच क्षणी सांगायला हवे होते. माझ्याकडून पक्षपात होणार नाही, अशी स्वतःची समजूत घालून मी गप्प बसलो. पुढच्या तारखेला तक्रारदाराच्या वकिलाने तोच प्रश्न विचारला, मला उठावे लागले, आणि आधीची सुनावणी नव्याने घ्यावी लागली. त्या रुग्णाची आई सोलापूरहून आली होती; तिला आणखी एक खेप पडली. माझे मत अगदी निर्दोष असते, तरी तिने त्यावर विश्वास का ठेवावा?

राहिला तोंड दाखवण्याचा प्रश्न. संबंध आधीच उघड करून, मोजपट्टी सांगून आणि कारणे देऊन लिहिलेल्या मताबद्दल काही लोक काही महिने आपल्याशी बोलणार नाहीत, हे खरे आहे. मला तसा अनुभव आहे आणि तो फार दिवस टिकत नाही, हाही अनुभव आहे. कायद्याच्या अंगाने पाहिले, तर सद्भावनेने केलेल्या कामाला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात संरक्षण दिलेले आहे. आपली स्वतःची नोंदणी मात्र मुदतीत आहे ना, ते पाहून घ्यावे. निवृत्तीनंतर पाच वर्षांचे नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट यांच्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, आणि सुनावणीत पहिला घाव तिथेच बसतो.

प्रश्न : मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे औषधचाचण्यांचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर, ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून मला बोलावले आहे. वैद्यकातले मला काही कळत नाही. मला तिथे फक्त शोभेला बसवणार आहेत का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : शोभेला बसायचे की नाही, हे आपल्या हातात आहे, कायद्याने तरी आपल्याला तसे बसवलेले नाही. नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत किमान ७ सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि अध्यक्षही बाहेरचाच. डॉक्टर, औषधशास्त्राचा जाणकार, कायदेतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांच्याबरोबर एक सामान्य व्यक्ती हजर असल्याशिवाय चाचणीच्या प्रस्तावाचा विचारच करता येत नाही. आपण त्या दिवशी गेला नाहीत आणि आपल्या जागी तसे दुसरे कोणी नसेल, तर कितीही मोठे डॉक्टर जमले तरी गणपूर्ती होत नाही.

पुण्यात या कामाला तोटा नाही. कोविशील्डच्या भारतातील चाचणीचे पहिले डोस २०२० च्या ऑगस्टमध्ये दिले गेले, तेही याच शहरात. चाचणीत भाग घेणाऱ्याला मराठीत एक माहितीपत्रक आणि संमतीपत्र दिले जाते, आणि ते पत्रक हेच आपले कार्यक्षेत्र आहे. ही पत्रके इंग्रजीवरून भाषांतरित होऊन येतात आणि त्यांत ‘आपणास यादृच्छिक पद्धतीने एका गटात नियुक्त करण्यात येईल’ अशी वाक्ये असतात. मी ज्या समितीवर होतो, तिथे बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी या वाक्यावर बोट ठेवून विचारले, ‘म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवणार का? मग तसेच लिहा ना.’ आम्ही सहा-सात उच्चशिक्षित माणसे तो मसुदा दोनदा वाचून पुढे गेलो होतो. त्यांचा पुढचा प्रश्न याहून नेमका होता : पत्रकात ‘सर्व तपासण्या मोफत’ असे ठळक अक्षरांत आहे, पण औषधाने अपाय झाला तर उपचारांचा खर्च कोणी करायचा, ते कुठे लिहिले आहे? नियमांनुसार तो खर्च रुग्णावर पडत नाही आणि चाचणीमुळे इजा झाली असल्यास भरपाईही द्यावी लागते. त्या मसुद्यात मात्र हे सारे सातव्या पानावर, एका लांबलचक वाक्याच्या पोटात दडलेले होते. ते पहिल्या पानावर आणल्याशिवाय बाईंनी मान्यता देऊ दिली नाही.

मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला यापेक्षा वेगळी पात्रता लागते असे मला वाटत नाही. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार कोण असेल, हे विचारत जा. गंभीर अपायाची नोंद आली, तर ती संशोधकाने २४ तासांच्या आत कळवली होती का, हेही पाहा. त्यासाठी वैद्यक कळावे लागत नाही, दोन तारखा शेजारीशेजारी ठेवता आल्या की पुरते. कागद बैठकीच्या आदल्या रात्री हातात पडत असतील, तर ‘मला वाचायला वेळ मिळालेला नाही’ असे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. पुढच्या वेळी ते लवकर येतात.

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील सल्लागार समितीसाठी माझे नाव सुचवले गेले आहे. माझ्या केंद्राच्या नोंदणीचे नूतनीकरण याच वर्षी यायचे आहे. मी हे सदस्यत्व स्वीकारणे योग्य ठरेल का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : स्वीकारायला हरकत नाही. या कायद्यानेच समितीत स्त्रीरोग, प्रसूतिशास्त्र, बालरोग किंवा आनुवंशिकी या शाखांतील ३ वैद्यकीय तज्ज्ञ सांगितलेले आहेत, आणि आपल्या शहरात यंत्र नसलेला स्त्रीरोगतज्ज्ञ शोधायला गेले तर समिती कधीच पुरी व्हायची नाही. बाकीच्या जागा एका कायदेतज्ज्ञाच्या, माहिती व प्रसिद्धी विभागाच्या एका अधिकाऱ्याच्या आणि ३ सामाजिक कार्यकर्त्यांच्या आहेत; त्यांतली किमान एक व्यक्ती महिला संघटनेची असते. दोन बैठकांमधले अंतर ६० दिवसांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे, तेव्हा वर्षाला सहा-सात दुपारी मोकळ्या ठेवाव्या लागतील.

नोंदणी ५ वर्षांची असते आणि ती देण्यापूर्वी किंवा तिचे नूतनीकरण करण्यापूर्वी सक्षम प्राधिकारी या समितीचा सल्ला घेतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपला अर्ज ज्या दिवशी पटलावर येईल, त्या दिवशी तो विषय सुरू होण्यापूर्वी खोलीबाहेर जावे आणि आपण बाहेर गेल्याची व परत आल्याची वेळ इतिवृत्तात घालायला सांगावी. नुसते गप्प बसून राहणे पुरेसे नाही, कारण आपण समोर असताना आपल्या फॉर्म एफमधल्या, म्हणजे गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवण्याच्या नमुन्यातल्या, चुकांवर बोट ठेवायला शेजारचा सदस्य कचरतो. आपल्या भावाच्या, भागीदाराच्या किंवा आपण ज्यांच्याकडे रुग्ण पाठवता त्यांच्या अर्जांनाही हेच लागू.

दुसरी अडचण आपण पत्रात लिहिलेली नाही, पण पहिल्याच बैठकीत ती समोर येईल. व्यवसायातली माणसे आपल्याला गाठून म्हणतील की, फॉर्म एफमध्ये एक रकाना भरायचा राहिला म्हणून यंत्राला सील ठोकणे हा अन्याय आहे, तुम्ही तरी समजून घ्या. त्यांची तक्रार मला अगदीच पोकळ वाटत नाही. परंतु नोंदी न ठेवणे ही केवळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्याच संघटनेच्या याचिकेवर २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे तो युक्तिवाद समितीपुढे चालत नाही. तो मांडणाऱ्याला आपण फोनवर काहीही आश्वासन देऊ नये. लेखी खुलासा द्यायला सांगावे, आणि असा फोन आला होता हे बैठकीच्या सुरुवातीलाच अध्यक्षांच्या कानावर घालावे.