बेकरीचा पत्ता आणि भट्टीची वेळ

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी सोलापूरहून नोकरीनिमित्त पुण्यात राहायला आलो. चांगला पाव, खारी आणि केक कोठे मिळतो हे शोधण्यासाठी मी फोनवरील तारांकनांवर विसंबून बरीच भटकंती केली. परंतु भरपूर तारे मिळवलेल्या एका दुकानातील खारी टाळूला मेणासारखी चिकटली, आणि ज्या जुन्या बेकऱ्यांची सगळे स्तुती करतात तेथे एकदा दुकान बंद होते व दुसऱ्यांदा हवा तो माल संपला होता. अनोळखी शहरात चांगली बेकरी शोधण्याची काही रीत आहे काय?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : आपण ज्या दुकानांतून रिकाम्या हाताने परतलात ती दुकाने चुकीची नव्हती, आपली वेळ चुकली. कापड किंवा भांडी घ्यायला सकाळी जावे की संध्याकाळी याने मालात फरक पडत नाही, पण पाव भट्टीतून बाहेर आल्या क्षणापासून शिळा होऊ लागतो, आणि म्हणून बेकरीचा पत्ता विचारताना माल केव्हा निघतो हे विचारले नाही तर ती चौकशी अर्धीच राहते. बहुतेक बेकऱ्यांत पहिला पाव पहाटे निघतो आणि दुसरी खेप दुपारनंतर, चहाच्या वेळेच्या बेताने येते. लष्कर (कॅम्प) भागात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली सुरू झालेली कयानी बेकरी दुपारी बंद असते, आणि बाहेरगावचे लोक त्याला पुणेरी आढ्यता समजतात. परंतु ज्यांचा दिवस आपण साखरझोपेत असताना सुरू होतो त्यांनी दुपारी पाठ टेकली तर त्यात आढ्यता कसली? तेथे सकाळी जावे, श्रुसबेरी बिस्किटे आणि मावा केक घ्यावा. (या बिस्किटांत कसलीही बेरी नसते. इंग्लंडमधील श्रूजबरी या गावाचे नाव पुणेकरांच्या तोंडी रुळता रुळता त्याला फळ लागले.) मुंबईत धोबीतलावला १९०४ पासून असलेली कयानी आणि कंपनी ही निराळी, तिचा पुण्याच्या दुकानाशी नावापलीकडे संबंध जोडू नये.

शोध कोठून सुरू करावा याबद्दल माझे मत असे, की ज्या वस्तीत पाव हे रोजचे अन्न आहे तेथून. ज्या घरांत पोळी-भाकरी होते ती घरे बेकरीत वाढदिवसाला किंवा पाहुणे आले की जातात, आणि एखाद्या वेळी केक बेताचा निघाला तरी कोणी तक्रार करत बसत नाही. परंतु रोज सकाळी पाव घेणारे गिऱ्हाईक वाईट पाव दोन दिवस सोसते आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात जाते. म्हणूनच पुण्यातील जुन्या नावाजलेल्या बेकऱ्या लष्करात, आणि मुंबईतील धोबीतलाव, भायखळा व वांद्रे अशा इराणी, पारशी, मुसलमान व ख्रिस्ती वस्तीच्या आसपास आढळतात. धोबीतलावजवळची ससानियन १९१३ ची आहे, तर भायखळ्याची अमेरिकन एक्सप्रेस बेकरी १९०८ ची. वांद्र्यात हिल रोडवर होली फॅमिली रुग्णालयासमोर जे. हर्श आहे; तेथे पॅटिस आणि रोल घेणाऱ्यांची गर्दी पाहिली की जाहिरात वाचायची गरज उरत नाही. गोव्यात तर शोधायचेच नसते, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत दारात येतो आणि पोई, उंडो, कातरे पाव किंवा कांकण या पावाच्या प्रकारांतील काय हवे ते आपण सांगायचे.

पुण्याच्या पेठांमधील घरांचा बेकरीशी संबंध उशिरा आणि जरा अवघडत जुळला. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील एका सभेला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली गेली, तेवढ्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ चालला. त्याच शहरात आज आपटे रस्त्यावरील संतोष बेकरीत पॅटिससाठी संध्याकाळी लोक रांग लावतात. आपण तेथेही संध्याकाळीच जावे, कारण पॅटिसचे पापुद्रे गरम असताना कुरकुरतात आणि गार झाले की नुसते चिवट होतात.

आता पारख. नव्या बेकरीत प्रथम सर्वांत साधी वस्तू घ्यावी, म्हणजे पावाची एक लादी. क्रीम, चॉकलेट आणि रंग यांच्याखाली बरेच काही झाकता येते, पण पावाला झाकायला काही नसते. लादी उचलून पाहावी. आकाराच्या मानाने ती कापसासारखी हलकी लागली तर पीठ नको इतके फुगवले आहे असे समजावे. बोटाने दाबल्यावर पाव पुन्हा वर यावा, आणि दोन पाव एकमेकांपासून सोडवताना मधली बाजू धाग्याधाग्यांनी सुटावी, भुसभुशीत होऊन गळू नये. वास घ्यायला लाजू नये. मंद आंबूस वास चांगला, पण दारूसारखा उग्र वास आला तर पीठ जास्त वेळ आंबले आहे.

खारीबद्दल आपण जे लिहिले आहे ते स्निग्धांशाचे लक्षण आहे. खारीचे पापुद्रे सुटावेत यासाठी पिठाच्या घड्यांमध्ये घट्ट स्निग्ध पदार्थ लागतो. लोणी तोंडाच्या उष्णतेने विरघळते, पण वनस्पती तुपाचे किंवा बेकरीत वापरल्या जाणाऱ्या कडक मार्गारिनचे काही प्रकार त्याहून अधिक उष्णतेला वितळतात आणि म्हणून टाळूवर थर धरून बसतात. जानेवारी २०२२ पासून अशा पदार्थांतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे प्रकृतीच्या दृष्टीने स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. परंतु चवीला कायदा सुधारू शकत नाही. सर्व खारी लोण्याची असावी असा माझा आग्रह नाही, तशी मिळाली तरी ती महाग पडते. चांगल्या हाताची वनस्पती तुपातील खारीही चहात बुडवली की तोंडात राहत नाही.

तारांकने अगदी टाकाऊ नसतात, मात्र तारे मोजू नयेत, मजकूर वाचावा. गाडी लावायला जागा नाही, सुटे पैसे मागितले, मालक हसला नाही, अशा कारणांनी तारे कापणारे लोक कितीतरी असतात आणि त्या बेकरीची बिस्किटे उत्तम असू शकतात. ज्या अभिप्रायात एका विशिष्ट पदार्थाचे नाव आणि वेळ असते, उदाहरणार्थ "पाचला गेलो तर क्रीमरोल मिळाले, सातला संपले होते", तोच उपयोगी. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे त्या परिसरातील चहाच्या टपरीवाल्याला किंवा भुर्जीच्या गाडीवाल्याला तो पाव कोठून घेतो ते विचारणे.

आणखी एक जुनी खूण आहे. पूर्वी दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरची माणसे मैदा, रवा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जात, नंबर लावून बसत आणि आपल्या डोळ्यांदेखत भाजलेली नानकटाई व बिस्किटे पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणत. किलोमागे मजुरी घेऊन हे काम करणारी बेकरी आपल्या भागात अजून असेल तर ती सोडू नका. तिच्याकडे स्वतःची भट्टी आहे, आणि गिऱ्हाइकाला आत घ्यायला ती भीत नाही.

प्रश्न : माझ्या नातीला डोनट फार आवडतात. मागील महिन्यात मॉलमधून सहा डोनट आणले, त्यांतले उरलेले तीन फ्रिजमध्ये ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते एकाच वेळी कडकही झाले आणि चिकटही. आमच्या घरात अंडे चालत नाही. चांगला डोनट ओळखायचा कसा?
— एक आजी, चिंचवड

उत्तर : आजी, दोष बराचसा फ्रिजचा आहे. पिठातील स्टार्च थंडाव्यात अधिक वेगाने घट्ट होतो, म्हणून पाव असो वा डोनट, फ्रिजमध्ये तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, आणि वरचा साखरेचा लेप तेथील दमट हवेत पाझरतो. डोनट आणले त्याच दिवशी संपवावेत. शिवाय सहा घेतल्यास स्वस्त पडतात या हिशेबात तीन वाया जातात, तेव्हा तीनच घ्यावेत.

डोनटचे मुख्यतः दोन प्रकार असतात. यीस्टने फुगवलेला डोनट हलका असतो, आणि नीट फुगलेला असेल तर तळताना तेलावर तरंगतो, त्यामुळे त्याच्या कडेला मधोमध फिकट पट्टा उरतो. तो पट्टा दिसला तर कारागिराने पिठाला पुरेसा वेळ दिला आहे असे समजावे. दुसरा प्रकार बेकिंग पावडरचा असतो. तो भरीव, वरून खडबडीत आणि चवीने केककडे झुकणारा असतो, आणि आपल्या पिढीला बालुशाहीच्या नात्याने कदाचित तोच अधिक पटेल. नातीसाठी चॉकलेटचा घ्या, पण दुकान पारखायचे असेल तर एक साधा, नुसता साखरेचा लेप दिलेला डोनट घेऊन आपण चाखावा. तेलाचा वास आला किंवा कागदावर तेलाचा मोठा डाग उमटला तर तेल पुरेसे तापलेले नव्हते किंवा फार वेळा वापरलेले होते.

मोठ्या साखळी दुकानांत माल पुष्कळदा शहरातील एखाद्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येतो, म्हणून तेथेही आजचा माल केव्हा आला हे विचारावे. अंड्याबाबत सांगायचे तर, २००८ पासून भारतात असलेली मॅड ओव्हर डोनट्स ही साखळी बिनअंड्याचे डोनट विकते. पाकीटबंद मालावरील हिरव्या ठिपक्याचा अर्थ अंडेही नाही असा होतो. सुट्या मालाबाबत मात्र तोंडाने विचारावे लागते, आणि "अंडे आहे का?" एवढेच विचारून थांबू नये, कारण काही बन-पाव पिठात बिनअंड्याचे असले तरी चकाकी येण्यासाठी वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो.

प्रश्न : लाकडाच्या भट्ट्या बंद झाल्या की पावाची चव जाईल असे आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात. हे खरे आहे काय?
— एक वाचक, दादर

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात, लाकूड व कोळशावर चालणाऱ्या मुंबईतील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला, तेव्हापासून ही चर्चा आहे. विटांची भट्टी धुरापेक्षा साठवलेल्या उष्णतेने भाजते. तापलेल्या विटा चहूबाजूंनी कोरडी, हळूहळू उतरणारी ऊब देतात आणि तिने कवच जाड व खुसखुशीत होते. लादी पावाला कवच जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्यात आपल्याला फरक जाणवण्याचा संभव कमी. ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव, यात जाणवू शकेल. ज्या बेकरीने विटांची भट्टी ठेवून फक्त इंधन बदलले असेल तिचा ब्रून आणि पत्र्याच्या नव्या ओव्हनमधील ब्रून, दोन्ही एकाच सकाळी आणून कट्ट्यावर डोळे मिटून मस्क्याशिवाय खाऊन पाहा, आणि निकाल आम्हांला कळवा.