मे सोतच्या बालगृहात सेवेला जाणार असशील तर

ताई, तू थायलंडला मे सोतला कॅरेन (म्यानमारमधला एक समाज) मुलांच्या होस्टेलवर तीन महिने जातेयस हे ऐकून खूप बरं वाटलं, मी दोनदा राहून आलोय म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे त्यांना सरसकट अनाथ म्हणू नकोस, बऱ्याच लेकरांचे आईबाप सीमेपलीकडे म्यानमारमधे आहेत, गावात लढाई, शाळा बंद, म्हणून पोरांना इकडे पाठवलंय.

आमच्या होस्टेलची थरामु (कॅरेन लोक शिकवणाऱ्या बाईंना असंच म्हणतात) स्वतः निर्वासित, लहानपणी जंगलातून चालत आली आणि 'मे ला' नावाच्या निर्वासित कॅम्पमधे वाढली, तो कॅम्प १९८४ पासूनचा, म्हणजे तिथेच जन्मून आईबाप झालेली माणसं आहेत बघ. तिची श्रद्धा तुला भाषणात नाही दिसणार. पहाटे उठून चूल पेटवते, ताप आलेल्या पोराजवळ रात्रभर बसते, आणि प्रार्थनेत ज्यांनी गाव जाळलं त्यांच्यासाठी पण मागते. मला ते पचायला फार वेळ लागला.

आपण त्यांना येशू शिकवायला चाललोय असं तर मनात आणूच नकोस, को था ब्यू या कॅरेन माणसाचा बाप्तिस्मा १८२८ चा आहे! काही मुलं बौद्ध असतात, त्यांच्यावर जोर नको.

मुलांचे फोटो टाकू नकोस, तिकडे घरच्यांना त्रास होऊ शकतो. संध्याकाळी गातात तेव्हा गुपचूप मागे बस. आणि परत निघायची तारीख पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून टाक, मी शेवटपर्यंत लपवली होती, एक छोटा माझ्याशी बोललाच नाही नंतर.