आधी ऑन-कॉल डॉक्टरांना फोन करा, मग हे वाचा

ताई, आधी फोन. तुमच्या विभागाच्या ऑन-कॉल मानसोपचारतज्ज्ञांना, आत्ता, घरूनच. आज रात्रीच्या ड्युटीची वाट बघू नका. बाकीचं मी लिहून ठेवतोय, ते नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात किशोरवयीन मुलांच्या मानसिक आपत्कालीन वॉर्डात हा तुमचा दुसरा महिना, नाईटच जास्त लागतात. परवा पहाटे तीनला एका सोळा वर्षांच्या मुलीने "घरी गेले की मी राहणार नाही, पण ताई, कुणाला सांगू नका" असं म्हणून तुमच्याकडून शब्द घेतला. सोमवारी तिला घरी सोडणार आहेत. सांगितलं तर तिचा विश्वास तुटेल, आणि न सांगता तुम्हाला दिवसा झोप लागत नाही.

मी सांगली-मिरज भागात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. सात वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली, बहुतेक नाईटच. डॉक्टर नाही, वकील नाही. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील तर ते आधी, माझं नंतर. आल्या आल्या सामान तपासणं, बाथरूमची कडी, गोळी समोर गिळायला लावून तोंड बघणं, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं असणार, ते सोडतो. मी तुमच्या जागी उभा होतो आणि चुकलो, म्हणून लिहितोय.

2021 चा ऑक्टोबर. आमच्याकडे पूर्वभागात द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. दहावीतला एक मुलगा आमच्याकडे पाचव्या दिवसावर होता. अल्पवयीन मूल दाखल असेल तर घरचं एक माणूस सोबत राहतंच, त्याची आई होती. ती खाटेशेजारी चटईवर झोपलेली. तीनच्या सुमारास तो पाणी प्यायला म्हणून काउंटरपाशी आला आणि तिथेच उभा राहिला. मी खुर्ची दिली. अर्धा तास तो क्रिकेट, शाळा, बागेतला टँकर असं काहीबाही बोलला आणि मग तेच वाक्य, जे तुमच्या वॉर्डातल्या मुलीने म्हटलं. "दादा, कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हणालो, "नाही सांगणार, तू झोप आता." तो खरंच जाऊन झोपला. मला वाटलं, मी त्याला शांत केलं. आई आमच्यापासून दहा पावलांवर होती.

रिपोर्ट बुकात मी लिहिलं, "रात्री झोप चांगली, नो फ्रेश कम्प्लेंट्स." सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, बॅग खांद्यालाच होती, तासगावची गाडी गाठायची होती. संध्याकाळी सरांना एकट्याला गाठून सांगू, असं मनात होतं. त्या दिवशी अकराला वडील आले. छाटणीला माणूस नाही, पाहुणे विचारतात पोरगं कुठंय, म्हणून डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन, मुलाला घेऊन गेले. मी तेव्हा गाढ झोपेत होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री त्याला मिरजेत आणलं. नऊ दिवस आयसीयूत होता. वाचला. आज तो कामाला लागलाय, एवढंच सांगतो. त्याचं आणखी काही इथे लिहिणार नाही. तुमच्या पोस्टमधूनही त्या मुलीचं गाव आणि तिच्या शाळेचा उल्लेख आधी काढा. आपल्या भागात तेवढ्यावरून घर सापडतं.

आयसीयूबाहेर मी वडिलांना स्वतः जाऊन सांगितलं की तो माझ्याशी बोलला होता. ते ओरडले नाहीत. "तुमास्नी रातीच म्हाईत हुतं व्हय?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्यांना आधी कळलं असतं, तर शेतातल्या फवारणीच्या औषधाची खोली त्यांनी कुलूप लावून ठेवली असती. छाटणी शेजाऱ्यावर सोडून ते त्याच्याजवळ बसले असते. डामा घेण्याचा हक्क त्यांचा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 87 प्रमाणे, दाखल करणाऱ्या पालकाने मुलाला घरी न्यायचं म्हटलं तर सोडावंच लागतं. म्हणजे आमचे डॉक्टर त्यांना अडवू शकले नसते, फक्त सावध करू शकले असते. सावध करायला लागणारी एकमेव गोष्ट माझ्या खिशात होती, आणि मी ती घेऊन तासगावला गेलो.

पुढे फॉलोअपला तो मुलगा मला भेटला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "कुणाला म्हणजे काकाला. पप्पांना कळलं असतं तर चाललं असतं." काका गावभर करतो, आईला टोमणे मारतो, त्याची त्याला भीती होती. मी "कुणाला"चा अर्थ सगळं जग असा घेतला होता. त्याच्या डोक्यात एकच माणूस होता.

तेव्हापासून मी एक करतो, आणि यावर माझं मत ठाम आहे. मूल "कुणाला सांगू नका" म्हणालं की मी हो-नाही करत नाही, उलट विचारतो, "कुणाला कळलं तर तुला त्रास होईल?" पाचातली चार मुलं एक नाव घेतात. कधी आजी, कधी वर्गशिक्षक, कधी ज्याच्याशी बोलणं होतं तो मुलगा. मग मी म्हणतो, "त्यांना माझ्याकडून कळणार नाही. पण तुझ्या जिवाचं आहे, म्हणून डॉक्टरांना सांगणार. तुला न सांगता सांगणार नाही." मूल रागावतं, रडतं, काही जण पाठ फिरवून झोपतात. पण दुसऱ्या रात्री परत काउंटरपाशी येतात. मी हे कितीदा तरी पाहिलंय.

आणि थेट विचारा. "जीव द्यायचं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंयस का? कधी?" विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. आडून विचारलं तर मूल आडून उत्तर देतं आणि मग सकाळी सांगायला आपल्याकडे धड काही नसतं.

घेतलेलं नाव घरातल्याच माणसाचं असेल आणि त्याचा हात मुलीच्या अंगाला लागल्याचं कळलं, तर गोष्ट वेगळी. तिथे रात्री सोबत झोपलेल्या नातेवाइकालाही काही बोलू नका. डॉक्टर आणि इन्चार्ज यांना ताबडतोब सांगा. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते तुमच्या-माझ्या मर्जीवर नाही. 1098 चाइल्ड हेल्पलाइनही आहे. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, ती जेवढं बोलली तेवढं तिच्याच शब्दांत लिहा.

आता तुमचा शब्द. तो तुम्ही देऊन बसला आहात, तर तो उघडपणे मागे घ्या. डॉक्टरांना फोन झाल्यावर आज रात्री तिच्याजवळ बसून म्हणा, "परवा मी तुला शब्द दिला, तो द्यायला नको होता. मी डॉक्टरांना सांगितलंय. तुला कुणाची भीती आहे ते मला सांग, ते आपण सांभाळू." तिला हे तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे, डॉक्टरांच्या राऊंडला अचानक कळता कामा नये. हे फार अवघड जातं. मला पहिल्यांदा असं करताना घाम फुटला होता.

गुप्ततेचा भंग होतो का, असं तुम्ही विचारलंय. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गुप्ततेचा हक्क देतं, आणि तेच कलम उपचार करणाऱ्या इतर तज्ज्ञांना सांगायला आणि जिवाचा धोका टाळायला मोकळीक ठेवतं. गरजेपुरतंच सांगायचं. प्रेमप्रकरणाची सगळी कथा वॉर्डात काम करणाऱ्या मावशी-मामांपुढे होता कामा नये. मी वाचलेलं सांगतोय, कलमाचा अर्थ तुमच्या इन्चार्जकडून पक्का करून घ्या.

आईवडिलांना पोलीस केसची धास्ती असते, त्यापायी ते अर्धं लपवतात. त्यांना सांगा की त्याच कायद्याच्या कलम 115 प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तसं राहिलेलंच नाही. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होऊ शकते, पण नोंद म्हणजे पोराला आत टाकणं नव्हे. एवढं कळलं की बाप मोकळा बोलतो. घरी सोडताना औषधाच्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार, हे नाव घेऊन ठरवा. "लक्ष ठेवतो" या उत्तरावर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कागदावर मोठा लिहून द्या. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला, आमच्या वॉर्डातल्या त्या मुलाच्या वेळी नव्हता.

एक राग अजून गेलेला नाही, तो इथे ओततो, माफ करा. त्या घटनेनंतर वरच्या कार्यालयातून मला सांगण्यात आलं की जबाबात "रुग्णाने काही सांगितले नाही" असं लिही, म्हणजे तुलाही त्रास नाही, आम्हालाही नाही. मी नाही लिहिलं. चार महिने मला सलग नाईट लावल्या, पगारवाढ अडकली. पण त्याहून जास्त मला हे खुपतं की रात्री बारा खाटांना एकच ब्रदर का, हे कुणी विचारलं नाही. मी दुसऱ्या माणसासाठी दोनदा लेखी मागणी केली होती, दोन्ही वेळा "आवक नोंदवली" यापुढे काही झालं नाही. एकटा माणूस एका मुलाशी अर्धा तास बोलतो तेव्हा बाकीच्या अकरा खाटांकडे कोण बघतं? तुम्ही एकट्या असाल तर मागणी लेखीच करा आणि पोच घ्या.

ऑन-कॉल डॉक्टर रात्री तीनला उठवलं म्हणून चिडले तर चिडू द्या. मी फोन करताना खाट नंबर, वय, मुलाचं वाक्य जसंच्या तसं, ठरवलेली वेळ, सोबत कोण आहे, एवढं चिठ्ठीवर लिहून मग बोलतो. फोनची वेळ आणि त्यांनी काय सांगितलं ते लगेच रिपोर्ट बुकात. ओव्हर देताना बॅग खाली ठेवा. खाटेपाशी जाऊन द्या.

राऊंड ठरावीक मिनिटांनी घेऊ नका, मुलं घड्याळ पाठ करतात. कधी सात मिनिटांनी, कधी बाराने. पांघरुणाचा फुगवटा बघून परतू नका, छाती हलताना दिसली पाहिजे. टॉर्च जमिनीकडे धरा, तोंडावर नको.

झोपेचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, पण तेही महत्त्वाचं आहे. पहाटे चार ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, चुका तेव्हाच होतात, आणि मुलंही नेमकी त्याच सुमारास बोलतात. मी त्या तासात उभ्यानेच काम करतो. चहा दोनच्या आत संपवतो, चहा-कॉफीचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो, मग सकाळी झोप येत नाही. कोरेगावपर्यंत सकाळी गाडी चालवत जाता म्हणालात, ते कृपा करून थांबवा. एसटीने जा, खिडकीला डोकं टेकून झोपा. माझ्यासोबतची एक सिस्टर नाईट करून परतताना डोळा लागून दुभाजकावर गेली होती.

फोन झाला की इथे "केला" एवढंच लिहा. आज माझी नाईट आहे, दोनचा राऊंड झाला की बघतो.