प्लॅटिपस म्हणजे ऑस्ट्रेलियातला अंडी घालणारा सस्तन प्राणी. त्याची मादी पिल्लांना बिळात टाकून जाते, मग ती कसली आई? आणि स्तनाग्रं नसताना पिल्लं दूध पितात तरी कशी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दूध पोटावरच्या दोन जागी त्वचेतून पाझरतं आणि पिल्लं ते तिथूनच चोखतात. मी लिहितेय ते पहिल्या प्रश्नातल्या "टाकून" या शब्दासाठी.

मुलगी सात महिन्यांची असताना मी मेलबर्नमध्ये पुन्हा कामावर जायला लागले. पहिल्याच सकाळी, पाळणाघराची पिशवी खांद्यावर असताना, सांगलीहून आलेल्या माझ्या मावससासूबाई म्हणाल्या, "अगं, जनावरसुद्धा पिल्लू टाकून जात नाही." मी गप्प राहिले. दुपारी ऑफिसात पान्हा दाटून शर्ट भिजला तेव्हा तेच वाक्य कानात घुमत होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही सगळे मेलबर्नजवळच्या हील्सव्हिल अभयारण्यात गेलो. बंदिवासात प्लॅटिपसची पहिली वीण इथेच झाली, 1943-44 च्या हंगामात, प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांच्या देखरेखीखाली. अंधाऱ्या दालनात पाण्याच्या टाकीसमोर उभं राहून तिथली मार्गदर्शक सांगत होती. मादी ओली पानं शेपटीत धरून बिळात नेते आणि अंथरूण करते. बहुतेक वेळा दोन अंडी घालते, जेमतेम 17 मिलिमीटरची. मग शेपूट पोटाशी दुमडून, अंडी त्यात धरून सुमारे दहा दिवस उबवते. पिल्लं उघडी, आंधळी. सुरुवातीला ती त्यांना सोडून फारशी हलत नाही.

पण तीन-चार महिने अंगावर पाजायचं, तर खायला हवं ना! दूध पाजण्याच्या शेवटच्या आठवड्यांत ती दिवसाला जवळजवळ आपल्या वजनाइतकं खाते: अळ्या, गांडुळं, गोड्या पाण्यातले झिंगे. ते बिळात कोण आणून देणार? नर मिलनानंतर फिरकतही नाही. म्हणून ती बाहेर पडते आणि निघताना बिळाच्या वाटेत मातीची बुचं घट्ट बसवते. परत आली की ती फोडून आत शिरते. याला टाकून जाणं म्हणत नाहीत, दार लावून जाणं म्हणतात.

मला तिथेच रडू आलं. मावशी शेजारीच होत्या. त्यांना इंग्रजी नीट कळलं नसावं आणि मीही मराठीत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तुमच्या घरातली बाळंतीण कामावर निघाली असेल, तर जनावरांचे दाखले देऊ नका. तिचा डबा भरा, रात्री बाळ घ्या, तिला झोपू द्या.

आता हेही खरं, की प्लॅटिपसवरून माणसांच्या आयांचं काही सिद्ध होत नाही. शिवाय बिळाच्या आतलं बरंचसं बंदिवासातल्या माद्यांवरूनच कळलंय, कारण नदीकाठचं विणीचं बीळ कधीकधी वीस मीटरपर्यंत लांब असतं. पण दाखला मी आधी दिला नव्हता, मावशी.