वाचक विचारतात : स्क्रोल सॉ, पाती आणि पाटीवरची अक्षरे

गेल्या अंकातील लाकडी जाळीकामावरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती, त्यामुळे त्यांतील मुद्द्याचा भाग तेवढाच ठेवला आहे. ‘यंत्र’ म्हणजे येथे सगळीकडे स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक उभे पाते विजेवर वरखाली हलवून लाकडात नक्षी कापणारी करवत.

प्रश्न : निवृत्तीनंतर जाळीकाम शिकावे असे मनात आहे. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर सदनिका आहे आणि कामाला जागा म्हणजे मागची चार फुटी गॅलरी. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला फ्रेट सॉने प्लायवुड कापल्याचे आठवते. आता थेट यंत्र घ्यावे का, आणि घेतल्यास कोणते?

उत्तर : यंत्र जरूर घ्यावे. हाताच्या फ्रेट सॉने काम सुंदर होते, पण वयाच्या साठीनंतर तासभर मनगट सरळ वरखाली हलवत राहणे सोपे नाही. दुकानात गेल्यावर मोटारीच्या शक्तीची चौकशी नंतर करावी आणि आधी पाते कसे धरले जाते ते पाहावे. काही यंत्रांत पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलीच पाती बसतात. अशी पाती बसवायला सोपी असली तरी जाळीचा आतला भाग कापण्यासाठी ती भोकातून ओवायची तर भोक सुमारे पाच मिलिमीटरचे पाडावे लागते आणि नाजूक जाळीत एवढे भोक म्हणजे नक्षीच गेली. सपाट टोकाचे पाते दीड-दोन मिलिमीटरच्या भोकातून आत जाते. मी माझे पहिले यंत्र घेतले तेव्हा विक्रेत्याने ‘पात्यांची चिंता करू नका, कुठेही मिळतील’ असे सांगितले होते. ते यंत्र फक्त पिनचीच पाती घेत असे, सोबत आलेली पाती तीन महिन्यांत संपली आणि तसली बारीक पाती शोधण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. त्यामुळे दोन्ही प्रकारची पाती घेणारे यंत्र निवडावे, सपाट टोकाचे पाते समोर बसवून दाखवायला सांगावे आणि मिनिटाला साधारण 400 ते 1600 फेऱ्यांच्या दरम्यान वेग कमी-जास्त करता येतो याची खात्री करावी. पाते ते मागचा खांब हे अंतर 16 इंच असले, की घरगुती कामाला ते पुरते.

गॅलरीचा प्रश्न आवाजापेक्षा कंपनाचा आहे. हलक्या स्टँडवरचे यंत्र खालच्या मजल्याच्या छताला ऐकू जाते, म्हणून जुने जड टेबल घ्यावे, यंत्र त्याला बोल्टने घट्ट बसवावे आणि टेबलाच्या पायांखाली जाड रबर घालावे. एवढे करूनही दुपारी एक ते चार यंत्र बंद ठेवावे हे मी पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यात गॅलरीत ओल येते आणि यंत्राचे बिडाचे मेज आठवड्यात गंजते, त्यासाठी काम झाल्यावर मेजावर मेणाचा पातळ हात द्यावा. सिलिकॉनचा फवारा वापरू नये, कारण तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश धरत नाही.

प्रश्न : घराच्या दारासाठी ‘अनुबंध’ अशी पाटी सहा मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळीतून कापली. अक्षरे एकसंध हवी होती. शेवटचा ‘ध’ सुटून पडला, अनुस्वार तर आधीच गेला आणि चिकटवताना ‘न’चा दंड मोडला. चूक कुठे झाली? (सहकारनगर)

उत्तर : चूक कापण्यात झालेली नसून आखणीत झालेली आहे आणि ती फार जणांकडून होते. देवनागरीत एक मोठी सोय आहे : शिरोरेषेमुळे सगळा शब्द एका दांडीला टांगलेला असतो, त्यामुळे पाठीमागे फळी न लावताही तो एका तुकड्यात कापता येतो. रोमन अक्षरांना ही सोय नाही. पण थ, ध आणि भ या अक्षरांच्या डाव्या भागावर शिरोरेषा नसते, ती फक्त दंडावर असते. म्हणजे आपल्या शब्दात ‘ब’पर्यंत सलग आलेली रेषा तेथे तुटते आणि ‘ध’ शेजाऱ्याला कुठेच न टेकता हवेत राहतो. कागदावर हे डोळ्यांना जाणवत नाही, कारण वाचताना आपण ती रेषा मनाने जोडून घेतो.

यावर मला पसंत पडलेला उपाय असा, की आखणी करतानाच ‘ध’ किंचित डावीकडे सरकवावा आणि त्याच्या खालच्या पोटाचा फुगवटा ‘ब’च्या दंडात तीन मिलिमीटर मिसळू द्यावा. वाचणाऱ्याला ते खटकत नाही. काहीजण शिरोरेषाच पुढे ओढून ‘ध’च्या गाठीला जोडतात, पण मग तो ‘ध’ दुरून ‘घ’सारखा दिसू लागतो आणि दारावर ‘अनुबंघ’ लागते. अनुस्वाराला शिरोरेषेपासून दोन मिलिमीटर रुंदीचा छोटा देठ ठेवावा किंवा तो वेगळा कापून भिंतीवर स्वतंत्र चिकटवावा. मी दुसरा मार्ग घेतो, कारण देठ कितीही बारीक ठेवला तरी अनुस्वार फुलाच्या कळीसारखा दिसतो. ‘ब’च्या पोटातल्या तिरक्या रेषेमुळे तेथे दोन स्वतंत्र पोकळ्या होतात, म्हणून भोकेही दोन पाडावी लागतील. बाकी ‘अ’ आणि ‘न’ बाहेरूनच कापता येतात आणि ‘नु’चा उकार दंडाच्या पायाशी जोडलेला असल्याने त्याची काळजी नाही.

आता मोडलेल्या दंडाविषयी. आपण फळीचे रेषे शिरोरेषेच्या दिशेने, म्हणजे आडवे ठेवले असणार आणि शिरोरेषेसाठी ते योग्यही आहे. मात्र त्यामुळे प्रत्येक उभा दंड रेषांच्या आडवा कापला जातो आणि सहा मिलिमीटर जाडीचा असा दंड बोटाने दाबला तरी मोडतो. फळी फिरवून रेषे उभे ठेवले तर दंड टिकतील आणि शिरोरेषा मोडेल. सागवानच हवे असेल तर जाडी 12 मिलिमीटर घ्यावी आणि एकही दंड 10 मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नये. त्याहून बारीक वळणाची अक्षरे हवी असतील, तर सागाचे विनियर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ थर, लावलेले चांगले प्लायवुड घ्यावे. त्यात एकाआड एक थरांचे रेषे आडवे-उभे असतात, म्हणून ताण दोन्ही दिशांनी सोसला जातो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये उरलेले छोटे तुकडे मागितले तर बहुधा मिळतात. कड नीट पाहून आतल्या थरांत पोकळी नसलेलाच तुकडा घ्यावा, कारण नेमकी ती पोकळी वेलांटीच्या वळणावर येते.

प्रश्न : नवे यंत्र आहे, तरीही सरळ रेषेवर कापताना पाते सतत उजवीकडे ओढते. शिवाय कापलेली कड वर एका मापाची आणि खाली दुसऱ्या मापाची येते. यंत्र सदोष आहे का? (निगडी)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींत यंत्राचा वाटा बहुतेक नसतोच. पाती तयार होताना दातांच्या एका बाजूला बारीकशी धार उरते आणि ती बाजू जास्त कापते, म्हणून पाते तिकडे ओढते. त्याच्याशी झगडू नये. टाकाऊ तुकड्यावर सरळ रेष मारून तो थोडा तिरका धरून ढकलावा, रेषेवर राहण्यासाठी तीन ते पाच अंश कोन लागतो असे दिसेल. दोन दिवसांत हात ते आपोआप करू लागतो.

कड तिरकी येते याला कारण मेजाचा कोन किंवा सैल पाते. मेजावरच्या अंशांच्या खुणांवर विसंबू नये. सुमारे 20 मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यात एक उथळ चीर पाडावी, यंत्र बंद करावे, ठोकळा पात्याच्या मागच्या बाजूला न्यावा आणि पाते त्याच चिरेत मागून शिरते का ते पाहावे. सहज शिरले तर मेज काटकोनात आहे. खाली किंवा वर अडखळले, तर जेवढे अडते त्याच्या निम्म्याने मेज फिरवावे, कारण ही चाचणी दोष दुप्पट करून दाखवते. ताणासाठी पाते बोटाने छेडावे, तंबोऱ्याची तार छेडल्यासारखा स्वच्छ स्वर यायला हवा. बद्द आवाज आला किंवा बोटाने दाबल्यावर पाते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बाजूला गेले, तर ते सैल आहे. ताण ठीक असूनही वळणावर कड फुगत असेल, तर पाते बोथट झालेले आहे. प्लायवुडमधला चिकटपदार्थ आणि शिसवासारखे कठीण लाकूड यांत बारीक पाते वीस मिनिटांतही बोथट होते. लोक तेच पाते तासभर ढकलत राहतात आणि मग यंत्राला दोष देतात. पाते ही खडूसारखी झिजणारी वस्तू आहे, ते बदलताना हात आखडू नये.

प्रश्न : मुलगी अमेरिकेहून येताना तिकडचे स्क्रोल सॉ आणते म्हणते. आपल्याकडे चालेल का? (औंध)

उत्तर : यंत्रावरची पट्टी वाचायला सांगावी. तिकडचा पुरवठा 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, तर आपला 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ असतो. व्होल्टेजसाठी 500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा, तांब्याच्या गुंडाळीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरेसा होईल. प्रवासात वापरायचे हलके कन्व्हर्टर मोटारीला लावू नयेत. हर्ट्झचा फरक मात्र ट्रान्सफॉर्मरने जात नाही. मोटार कार्बन ब्रशची असेल तर काही बिघडत नाही, पण साधी इंडक्शन मोटार आपल्याकडे सुमारे एक-षष्ठांश हळू फिरेल आणि जास्त तापेल. अर्थिंगची तार शेवटपर्यंत जोडलेली आहे हे वायरमनकडून पाहून घ्यावे. माझे मत विचाराल, तर मुलीने यंत्राऐवजी उलट्या दातांची चांगली पाती आणावीत (ती कशी असतात ते पुढच्या उत्तरात आहे). पाच इंची सपाट टोकाचे पाते बहुतेक सगळ्या यंत्रांत बसते आणि सामानात त्याचे वजनही होत नाही.

प्रश्न : थर्माकोलची सजावट 2018 च्या बंदीपासून बंद केली. यंदा गणपतीसाठी दरवर्षी वापरता येईल असे प्लायवुडचे जाळीदार मखर स्क्रोल सॉवर करायचे आहे. नमुना, जाडी आणि क्रम सांगावा. घरात मुलाला दम्याचा त्रास आहे. (सदाशिव पेठ)

उत्तर : धुळीचे आधी सांगतो. बारीक भुसा फुप्फुसात जातो आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, म्हणून हे काम घरात न करता गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये करावे. स्वतः एन-95 मास्क लावावा. यंत्राचा फुंकर मारणारा नळ धूळ उडवतो, गोळा करत नाही, तेव्हा मेजाखाली व्हॅक्यूमची नळी लावावी. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेला ताव, या कामाला टाळावा. त्याची धूळ पिठासारखी असते आणि त्याच्या चिकटपदार्थात फॉर्मल्डिहाइड असते.

नमुन्यासाठी पेशवेकालीन विश्रामबागवाड्यापर्यंत चालत जा, आपल्याला दहा मिनिटे लागतील. तेथील सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलाची नक्षी समोर उभे राहून कागदावर उतरवावी. लाकडात कोरलेली नक्षी उठावाची असते आणि जाळीत तेवढी खोली नसते, म्हणून फक्त बाह्यरेषा घ्यावी. केळफुलाची एकेक पाकळी म्हणजे एकेक भोक, असा विचार करून आखले की जाळी आपोआप जमते. दोन भोकांमधली काडी पाच मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये.

पडद्यांना, म्हणजे मखराच्या जाळीदार बाजूंना, चार मिलिमीटर प्लायवुड पुरे. अकरा इंच चौरसाचे पडदे ठेवले तर 16 इंची यंत्रात ते सर्व बाजूंनी फिरवता येतात. दोन फुटी पडदा खांबाला अडेल. एकाच नक्षीचे चार पडदे हवे असतील, तर चार तुकडे एकावर एक ठेवून कडांना चिकटपट्टी गुंडाळावी आणि 16 मिलिमीटरचा तो गठ्ठा पाच किंवा सात नंबरच्या, उलट्या दातांच्या पात्याने एकदम कापावा. उलट्या दातांच्या पात्यात खालचे काही दात वरच्या दिशेने कापतात, म्हणून खालच्या बाजूला कुसे निघत नाहीत. लाकडावर आधी मास्किंग टेप, त्यावर नक्षीचा कागद आणि सर्वांत वर पारदर्शक पॅकिंग टेप असे थर द्यावेत. पॅकिंग टेपमुळे पाते कमी तापते आणि कड जळून काळी पडत नाही. कापायला मध्यापासून सुरुवात करावी, लहान भोके आधी आणि बाहेरची कड शेवटी, कारण जसजशी जाळी मोकळी होते तसतसा पडदा लवचीक होतो आणि थरथरू लागतो.

जोडणी खिळ्यांनी न करता खाचांनी करावी, म्हणजे मखर दरवर्षी सुटे करून पलंगाखाली ठेवता येईल. खाच कापण्याआधी प्लायवुडची जाडी व्हर्नियरने मोजावी, चार मिलिमीटर म्हणून घेतलेला ताव 3.6 मिलिमीटर भरणे नेहमीचे आहे. पावसाळ्यात प्लायवुड फुगते, म्हणून खाच केसभर सैल ठेवून मग सँडिंग सीलरचे दोन हात द्यावेत आणि निरांजन जाळीपासून वीतभर तरी लांब राहील अशी जागा सोडावी. चारही पडदे एकाच गठ्ठ्यातून निघाले तरी हाताने कापलेल्या खाचा तंतोतंत सारख्या नसतात, तेव्हा पहिल्यांदा जुळवतानाच प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना मागून पेन्सिलने एकच आकडा लिहावा, नाहीतर पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री डावा पडदा उजवीकडे बसवण्याची खटपट चालू राहील.